ट्रेलरमधली आई

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचे शब्दांकन)



आमच्या गँगस्टर फिल्मच्या शूटिंगवर पाच मिनिटं बोल, असं मला सांगण्यात आलंय. तीन दिवस तुम्ही आम्हाला सहन केलंत, तेव्हा हिशेब द्यायलाच हवा.

आम्ही कॉलेजची सहा मुलं. पूर्ण सिनेमाला पैसे नव्हते, म्हणून आधी अडीच मिनिटांचा ट्रेलर करायचं ठरलं. कॅमेरा म्हणजे मोबाईल, आणि ट्रॉली म्हणजे बी विंगमधल्या आजोबांची व्हीलचेअर. पिस्तूल खेळण्यातलं, काळा रंग मारलेलं. गोळीचा आवाज नंतर एडिटिंगमध्ये घातला. पण लांबून पिस्तूल खरंच वाटतं, म्हणून सेक्रेटरी काकांनी दोन अटी घातल्या: पोलीस चौकीत आधी लेखी कळवायचं आणि पिस्तूल गेटबाहेर न्यायचं नाही. गेटवर ‘शूटिंग चालू आहे, घाबरू नये’ असा फलक लावला. तो वाचून गर्दी वाढली, ती गोष्ट वेगळी.

एप्रिलचं सोलापुरी ऊन, त्यात डॉनच्या अंगात जाकीट. त्यामुळे शूटिंग सकाळी सहा ते नऊ. रक्तासाठी साखरेच्या पाकात खायचा लाल रंग कालवला होता. पाच मिनिटांत मुंग्या लागल्या आणि मेलेला डॉन उठून नाचायला लागला. पार्किंगमधली मारामारी ऐन रंगात असताना वरून कुणीतरी ओरडलं, “पाणी आलं!” आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. अर्धी गँग हातातले दांडके टाकून बादल्या भरायला पळाली. डॉनसुद्धा.

डॉनचे संवाद आम्ही आधी मुंबईच्या पद्धतीनं लिहिले होते, ‘अपुन’ वगैरे. ते बदलून नुसतं शांतपणे “काय बे?” ठेवलं. ते ऐकून आमच्याच अंगावर काटा आला.

आता मुख्य गोष्ट. परवानगीच्या मीटिंगमध्ये काहींना सोसायटीच्या नावाची काळजी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या अक्कांनी मात्र वेगळंच विचारलं, “यात पोरगं मरतंय ना, मग त्याची आई कुठाय?” कुणालाच उत्तर देता येईना. अक्का म्हणाल्या, “माझ्या माहेरच्या गल्लीत असाच एकाला मारला होता. मारणाऱ्याचं नाव अजून सगळ्यांना पाठ आहे. मेलेल्याच्या आईचं नाव कुणाला ठाऊक नाही.”

त्या रात्री आम्ही ‘चांदनी बार’ पुन्हा पाहिला. २००१ सालचा, मधुर भांडारकरांचा. त्यात पोट्या सावंत हा गुंड साकारणारे अतुल कुलकर्णी आपल्या हरिभाई देवकरण प्रशालेचे विद्यार्थी. त्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण नीट बघा, पोट्या पोलिसांच्या एन्काउंटरमध्ये मरतो आणि सिनेमा तिथं संपत नाही. मागे राहिलेल्या बायकोचं, तब्बूचं काय होतं, मुलांचं काय होतं, ते पुढे दाखवलंय. गुंडाचा रुबाब थोडा वेळ, त्याची किंमत घरचे पुढे कितीतरी वर्षं मोजतात.

म्हणून आम्ही ट्रेलरचा शेवट बदलला आणि आईचं काम अक्कांनाच दिलं. काय करायचं तेही त्यांनीच सुचवलं. त्यांची आई विड्या वळायची. आपल्या सोलापुरात हजारो बायकांचं घर या कामावर चाललंय. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. फोन वाजतो. आम्ही म्हटलं, “अक्का, आता रडायचं.” त्या म्हणाल्या, “नाही. आधी हातातली विडी पुरी होईल. मजुरी हजारावर असते. हात लगेच थांबत नाही.” आणि तसंच केलं. वीस सेकंद, एकच शॉट, संगीत नाही. कॅमेरा धरलेला आमचा मित्र नंतर बराच वेळ जिन्यात जाऊन बसला होता.

आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या पहिल्या लघुपटाचं नाव ‘पिस्तुल्या’. नावात पिस्तूल आहे, पण गोष्ट शाळेत जाऊ पाहणाऱ्या एका मुलाची. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोष्ट शोधायला मुंबईला जावं लागत नाही, एवढं आम्हाला यातून कळलं.

गच्चीवर ट्रेलर दाखवला तेव्हा लहान मुलं पहिल्या रांगेत होती. मला वाटलं होतं, संपल्यावर सगळे पिस्तूल बघायला मागतील. काहींनी मागितलंही. पण सातवीतल्या एकानं विचारलं, “दादा, ती आई नंतर काय करते?”

पूर्ण सिनेमा आता तिथूनच सुरू होणार आहे. दिवाळीच्या सुट्टीत शूटिंग धरलंय. तेव्हा सेक्रेटरी काका, गच्चीची चावी आणि आजोबा, तुमची व्हीलचेअर पुन्हा एकदा लागेल. अक्कांनी होकार दिलेला आहे.