पत्ता कशाला लिवताय?



स्वागत समितीच्या वतीनं या दोन दिवसांच्या परिषदेची निमंत्रणं वाटायला मी शहराच्या कडेला पारध्यांच्या एका वस्तीवर गेलो होतो. पाकिटावर नाव लिहिलं आणि पुढे पेन अडलं. समोरच्या मावशी म्हणाल्या, "पत्ता कशाला लिवताय? हातात द्या की." वस्तीतला पोरगा संशयावरून उचलला गेला की रात्री-अपरात्री ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसतात, त्या याच मावशी. पोरांची नावं शाळेत घालायलाही त्याच पुढं. त्यांना कुणी पुढारी म्हणत नाही, फ्लेक्सवर त्यांचा फोटो नाही. मला विचाराल, तर शहरातलं आदिवासी नेतृत्व त्या पायरीवर बसलेलं आहे.

कोल्हापूरला या संशयाचा विषय नवा नाही. 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. आपल्या संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये अशा जमातींना सक्तीनं द्यावी लागणाऱ्या हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना सोनतळीच्या छावणीवर पहाऱ्याला नेमलं. ज्यांच्यापासून घर राखायचं असं जग म्हणत होतं, त्यांनाच महाराजांनी राखणीला बसवलं! देशातून तो कायदा जायला 1952 साल उजाडलं.

आणि आज? अनुसूचित जमातीचा दाखला हवा, तर 6 सप्टेंबर 1950 ला आपलं घराणं कुठं राहत होतं याचा पुरावा लागतो. विमुक्त-भटक्यांसाठी ती तारीख 21 नोव्हेंबर 1961. ज्यांचं पाल सारखं हलत होतं, त्यांनी कुठल्या चावडीतला कागद आणायचा? दाखला नाही, म्हणून राखीव जागेवर निवडणूक लढवता येत नाही. आपलं माणूस महापालिकेत नाही, म्हणून दाखल्याचा प्रश्न तिथं निघत नाही. या दोन दिवसांत दुसरं काही झालं नाही तरी चालेल, ही गाठ सोडवायची वाट मात्र सापडली पाहिजे.

जातपंचायतीवरही बोलायचं आहे. ती घालते त्या सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. पण पंचांना प्रश्न विचारणारं माणूस वस्तीतूनच उभं राहावं; आमच्यासारख्यांनी बाहेरून नेमलेलं नको.

म्हणून पहिलं भाषण त्या मावशींचं. त्या पारधी बोलीत बोलतील. गुजरातीच्या जवळची ही बोली कुणाला उमगली नाही, तर हात वर करून विचारा, त्या परत सांगतील.

मावशी, या.