तोफ हेच निशाण
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझा धाकटा मुलगा तोफखान्यात आहे. नाशिकरोडचे शिक्षण संपवून तो प्रथम गोंदियाला आला, तेव्हा पलटणीचे चिन्ह असलेली एक पाटी घेऊन आला. मध्ये तोफ, वर तारा, 'सर्वत्र' आणि 'इज्जत-ओ-इकबाल' ही अक्षरे. मी विचारले, "अरे, लढायांची नावे कुठे आहेत?"

तो हसला. इंग्रजांच्या तोफखान्याला १८३२ साली त्यांच्या राजाने 'सर्वत्र' अशा अर्थाचा लॅटिन शब्द दिला. प्रत्येक लढाईत तोफ असायचीच, मग नावे लिहायची किती? स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी तारा आला आणि लॅटिनच्या जागी आपला शब्द. आपला तोफखाना मात्र आपला दिवस मानतो २८ सप्टेंबर. १८२७ साली त्या दिवशी मुंबईची एक बॅटरी उभी राहिली.

पायदळाला निशाण असते, तोफखान्याला वेगळे नसते. तोफ हेच निशाण, सलामी तिलाच. ती शत्रूच्या हाती पडणे म्हणजे मोठी नामुष्की.

मला मात्र तो 'सर्वत्र' बोचतो. कुठे आहे ते पोरगा फोनवर सांगत नाही. शेजारणींनी विचारले की मी म्हणते, "सर्वत्र!" त्या हसतात, मीही हसते.

२०२३ साली पहिल्या ५ महिला अधिकारी तोफखान्यात दाखल झाल्या. तेव्हापासून नववीतल्या नातीने तोच ध्यास घेतला आहे. सूनबाई नको म्हणते. मी अजून काही बोललेले नाही. पण पाटी तिच्या टेबलावर ठेवून आले आहे.