बँकेला दुकान नाही, कागद दिसतो

आज दुकानाच्या कर्जाबद्दल बोलू. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्यात साधा नियम आहे, आत जे टाकाल तेच बाहेर येतं. बँकेचं पण तसंच असतं.

समजा, लातूरच्या गंजगोलाईत एक भांड्यांचं दुकान आहे. वर्षाची खरी विक्री ६० लाख. रिटर्नमध्ये दाखवली २० लाख, बाकी सगळी रोखीत. आता खेळत्या भांडवलासाठी बँका छोट्या धंद्यांना नायक समितीचं सूत्र लावतात: वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या किमान २० टक्के. हा अंदाज तुमच्या शब्दावर ठरत नाही. मागची रिटर्न, जीएसटी आणि खात्यातली जमा बघून ठरतो. म्हणजे ६० लाखांवर १२ लाखांची मर्यादा बसली असती, २० लाखांवर बसते फक्त ४ लाखांची.

मधले ८ लाख कुठून आणणार? सावकाराकडून. महिन्याला ३ टक्के धरा, वर्षाचं व्याज २ लाख ८८ हजार. तेच बँकेत ११ टक्क्यांनी ८८ हजार. सरळ २ लाखांचा फटका.

"पण भाऊ, टॅक्स वाचतो ना!" बघू की. आयकराच्या अंदाजित नफ्याच्या योजनेनुसार रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरला, तरी ६० लाखांवर उत्पन्न होतं ४ लाख ८० हजार. दुसरी कमाई नसेल तर नव्या करप्रणालीत यावर आयकर शून्य! वर्षाला ४० लाखांच्या पुढं माल विकला की जीएसटी नोंदणी लागते, हे खरं. पण कंपोझिशनमध्ये व्यापाऱ्याला १ टक्का, म्हणजे ६० हजार. ते वाचवायला आपण २ लाख घालवतोय.

एक अट मात्र आहे. कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर माल विकता येत नाही. नांदेडहून निजामाबादला, लातूरहून बीदरला माल पाठवणाऱ्यांना नेहमीची नोंदणीच लागेल.

आणि उलटंही करू नका. कर्जासाठी ताळेबंद फुगवला, तर बँक तो जीएसटी आणि खात्याच्या स्टेटमेंटशी ताडून बघते. आकडे जुळले नाहीत की फाईल तिथंच थांबते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी दुकान असेल. या रविवारी वडिलांसोबत बसा. एका कागदावर तीन आकडे लिहा: खरी विक्री, रिटर्नमधली विक्री, खात्यातली जमा. त्यांच्यातला फरक जेवढा मोठा, तेवढी सावकाराची वाट जवळ.