विडीकामगार स्त्रीचे मातृत्व

भंडारा जिल्ह्यातील विडीकामगार स्त्री गरोदरपणातही मांडीवरचे सूप खाली ठेवू शकत नाही. कारण मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. तंबाखूतील निकोटिन त्वचेतून व श्वासातून तिच्या शरीरात शिरते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या स्त्रीलाही प्रसूतिलाभ दिला. पण वैद्यकीय बोनस व गरोदरपणातील आजाराची रजा ही कलमे तिच्यापुरती वगळली. कारखान्यातील गर्भ आणि घरातील गर्भ हा भेद निसर्गाचा नव्हे, मालकशाहीचा होय. २०२५ साली जुन्या कायद्यांच्या जागी संहिता आल्या. परंतु ठेकेदाराच्या वहीत जिचे नावच नाही, तिला कोणता कायदा तारणार? म्हणून विडीकामगार स्त्रियांची गावोगाव नोंद करणे, हेच मातृत्वाच्या लढ्यातील पहिले काम होय.