कमी पैशात पहिली रोड बाइक

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोललो तसंच ठेवलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून तळमजल्यावरच्या आजींनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, "अरे, पेट्रोल केवढं महागलंय, आणि तू पोरांना बाइक घ्यायला कसला सांगतोस?" तेव्हा आधीच खुलासा करतो. रोड बाइक म्हणजे सायकल. बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, अरुंद टायर, वजनाला हलकी आणि डांबरी रस्त्यावर लांब पल्ला मारण्यासाठी केलेली. तिला ना स्टँड असतो, ना कॅरियर, ना मडगार्ड. दूध आणि भाजी आणायची असेल तर ही सायकल तुमच्या कामाची नाही, हे मी पहिल्याच मिनिटाला सांगून टाकतो.

या विषयावर बोलायची दोन कारणं आहेत. रौप्यमहोत्सवासाठी जिन्याखालची जागा साफ केली तेव्हा आम्ही तिथल्या सायकली मोजल्या. २३ निघाल्या. त्यातल्या फक्त ६ सायकलींच्या चाकात हवा होती. बाकीच्या सगळ्या हौसेनं घेतलेल्या, चांगल्या पैशाच्या. दुसरं कारण म्हणजे बी विंगमधली आपली एक मुलगी. तिला नुकतीच नोकरी लागली आहे. तिनं विचारलं, "काका, पगारातून पंचवीस हजार साठवलेत, रोड बाइक घ्यायची आहे. कुठली घेऊ?" तिला मी कंपनीचं नाव सांगितलं नाही. माझे साडेदहा हजार कसे गेले, ते सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

२०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या टीमनं 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. पेपरात ते वाचलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. अमेरिका राहू द्या, आपण निदान त्र्यंबकला तरी सायकलनं जाऊन यावं! पण पैसे कुठे होते? तीन वर्षं गेली. २०१८ च्या दिवाळीला बोनस झाला, आणि आमच्या सौ.नी वीस हजार मोजून दिले. मुलीच्या क्लासची फी बाजूला ठेवून उरलेले ते वीस हजार होते. म्हणजे चुकायला जागा नव्हती.

दुकानात एक सायकल होती. लाल रंग, डिस्क ब्रेक, २१ गिअर. 'शेवटचा पीस' म्हणून सूट होती, १९,५०० ला मिळत होती. फ्रेम ५६ नंबरची. मी साडेपाच फुटांचा माणूस. मी म्हटलं, "जरा मोठी वाटतेय." दुकानदार म्हणाला, "सीट खाली केली की बसते साहेब." आणि त्यानं सीट खाली केली. माझे पाय जमिनीला टेकले, मी खूश!

आता गंमत बघा. मी सातपूरला कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर व्हर्निअर हातात असतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर मी माल परत पाठवतो. आणि स्वतःचे वीस हजार देताना मी स्वतःचा पाय मोजला नाही.

पहिल्या महिन्यातच गुडघ्याची वाटी पुढून दुखायला लागली. मग मान. मग हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. मला वाटलं, वय झालं. तसं नव्हतं. सीट फार खाली असली की प्रत्येक पायडलला गुडघा गरजेपेक्षा जास्त वाकतो, त्याचा ताण वाटीवर येतो. आणि सीट खाली केल्यानं हँडल जवळ येत नाही! फ्रेम लांब असेल तर ती लांबच राहते. तुम्ही हँडलवर ओणवे होऊन लोंबकळता, अंगाचा भार तळहातावर येतो आणि करंगळीकडे जाणारी नस दाबली जाते. हँडलची दांडी, म्हणजे स्टेम, आखूड लावून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाचतात. त्याहून जास्त नाही. चुकीच्या मापाच्या फ्रेमला औषध नाही.

पाच महिने चालवली, तीन महिने जिन्याखाली उभी केली आणि ९,००० ला विकली. सौ.नी जमाखर्चाच्या वहीत लिहिलं: 'सायकल शिकवणी फी – १०,५००.' ती वही अजून आहे.

तर माप कसं घ्यायचं? अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दोन पावलांत वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, सायकलच्या सीटसारखं, घट्ट वर दाबायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत दुसऱ्या माणसानं मोजायचं. माझं ७७ सेंटिमीटर भरलं. टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेला अमेरिकेचा ग्रेग लेमाँड याच्या नावानं एक सोपं गणित प्रसिद्ध आहे. या मापाला ०.६७ नं गुणलं की फ्रेमचा अंदाज येतो. माझा आला ५१.६, म्हणजे ५२ नंबर. मी घेतली होती ५६! ०.८८३ नं गुणलं की पायडलच्या मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माझी ६८ सेंटिमीटर. हल्ली फ्रेमची वरची नळी उतरती असते, त्यामुळे नंबर थोडा मागेपुढे होतो. एका कंपनीचा 'एम' दुसऱ्या कंपनीचा 'एस' असू शकतो. म्हणून त्या कंपनीचा तक्ता बघा, आणि अर्धा तास चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानाभोवती एक चक्कर म्हणजे चालवणं नव्हे.

दुसरी सायकल मी २०१९ मध्ये घेतली, जुनी. जवळ होते ९,००० आणि नव्या बोनसातले १२,०००, एकूण एकवीस. तेवढ्यात नवी घेतली असती तर पुन्हा जड लोखंडी फ्रेम आणि दिखाऊ सामानच पदरात पडलं असतं, असं माझं मत झालं होतं. एक मुलगा नोकरीसाठी परगावी चालला होता, त्याची ५२ नंबरची, अ‍ॅल्युमिनियमची. तो १७,००० सांगत होता. या वेळी मी कारखान्यातून स्टीलची पट्टी घेऊन गेलो. चेनच्या एका पिनपासून मोजायला लागायचं, चोवीस कड्यांची लांबी नव्या चेनला बरोबर १२ इंच भरते. त्याची भरली १२ इंच आणि वर एक अष्टमांश. म्हणजे चेन संपलेली, आणि तिनं मागची चक्रंही खाल्लेली. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली, हँडलच्या मुळाशी खडखड नव्हती. चाक उचलून फिरवलं, आउट किरकोळ होता. पायडलच्या दांड्या आडव्या हलवून बघितल्या. हँडलखाली जिथे नळ्या जोडल्या जातात तिथे टॉर्च मारून तडा शोधला, नव्हता. पट्टी त्याला दाखवली आणि १४,५०० ला सौदा ठरला. कार्बनची फ्रेम असती तर मी जुनी घेतलीच नसती. तिचा तडा आत असला तर दिसतही नाही.

नवी चेन, मागचा चक्रांचा संच आणि मजुरी मिळून २,६००. दोन टायर-ट्यूब २,४००. पायानं धरून मारायचा पंप १,५००. एकवीस हजार संपले. हेल्मेट आणि दिवे आधीचे होते, नाहीतर तेही यातच बसवावे लागले असते. हे मुलं विसरतात. पंचवीस असतील तर सायकलला वीसच धरा. हेल्मेट उरल्या पैशातून घ्यायचं नाही, ते पहिलं.

गिअर किती, हा प्रश्न मला सगळे विचारतात. २१ ऐकून मीही भुललो होतो. माझ्या आताच्या सायकलला पुढे दोन आणि मागे आठ, एवढेच आहेत. शिमानोचा क्लॅरिस नावाचा संच, रोड बाइकच्या त्यांच्या साध्या संचांपैकी एक. ब्रेकच्याच दांडीनं गिअर बदलतात, हँडलवरचा हात काढावा लागत नाही. त्याच्यावर सोरा, टियाग्रा, १०५ अशी चढती भाजणी आहे. पहिल्या सायकलला क्लॅरिस भरपूर झाला, आणि आठ गिअरची चेन स्वस्त मिळते. मोजायचेच असतील तर दाते मोजा. पुढे लहान चक्र ३४ दात्यांचं आणि मागे मोठं २८ किंवा ३२ चं असेल तर चढ बसल्या-बसल्या निघतो. स्वस्तातल्या डिस्क ब्रेकपेक्षा चांगले रिम ब्रेक बरे. रिम मात्र अ‍ॅल्युमिनियमचीच हवी. लोखंडी रिमवर पावसात ब्रेक लागतच नाही म्हटलं तरी चालेल. टायर २३ चे नकोत, फ्रेममध्ये बसत असतील तर २८ चे घाला. आपले पावसाळ्यातले खड्डे तुम्हाला माहीत आहेत, त्यावर मी बोलत नाही. स्थानिक नगरसेवक समोर बसले आहेत.

पंपाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या सायकलवर पहिल्यांदा त्र्यंबकला निघालो तेव्हा अंजनेरीच्या अलीकडे पंक्चर झालो. ट्यूब बदलली, पण हवा कशी भरणार? रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्या दादांकडे मोठा कॉम्प्रेसर होता, पण माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा. त्यांची नळी बसेना. दादांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "साहेब, एवढी भारी गाडी, आणि हवा भरायची सोय नाही?" भाजीच्या टेम्पोतून घरी आलो. पितळेचं एक छोटं टोपण लावलं की साध्या नळीनं हवा भरता येते. अगदी किरकोळ किमतीचं असतं. तेव्हापासून ते सीटखालच्या पिशवीत आहे, छोट्या हातपंपाशेजारी. पुढच्या रविवारी त्र्यंबक झालं.

बी विंगच्या मुलीचं माप परवाच घेतलं. ७१ भरलं. म्हणजे ४७-४८ ची फ्रेम. एवढी लहान फ्रेम दुकानात सहसा मांडलेली नसते. "मोठी आहे, सीट खाली करून देतो," असं तिला दोन ठिकाणी सांगून झालंय. ती थांबली आहे. मला वाटतं दोन महिने थांबावं लागलं तरी थांबावं.

कमिटीला एक विनंती. जिन्याखालची जागा आता रिकामी आहे, तिथे भिंतीत हुक ठोकून द्या. सायकल उभी टांगली की दोन स्कूटरच्या जागेत सहा मावतात.

ज्यांना माप घ्यायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी सातनंतर आमच्याकडे या. टेप आणि पट्टी माझ्याकडे आहे. पुस्तक तेवढं तुमचं आणा, जाड पुठ्ठ्याचं. आमच्याकडचं पुठ्ठ्यातून सुटत आलंय.