नऊ गुंठ्यांचा चौकोन



राहुरीच्या या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून तुम्ही कृषी अभियंते होऊन बाहेर पडता आहात. पाणलोटाचे आराखडे करण्याचं काम तुमच्यातल्या अनेकांच्या वाट्याला येईल, म्हणून त्याविषयीच बोलतो.

ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे, त्या जोतीरावांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारला एक गोष्ट सुचवली होती. लष्कर आणि पोलीस खात्यातल्या माणसांकडून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग ओढ्या-नाल्याला जाईल. आज तुमच्या हाताशी कितीतरी जास्त साधनं आहेत. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एन्डेव्हर’ यानानं अकरा दिवसांत जगातल्या बहुतेक जमिनीची उंची रडारनं टिपली. 2005 मध्ये आपला कार्टोसॅट-1 उपग्रह वर गेला. उंचीची ही माहिती फुकट मिळते, नकाशे करायचं क्यूजीआयएस फुकट, वाहत्या पाण्याचं गणित करणारं एचईसी-एचएमएसही फुकट. पारनेरच्या कुठल्याही ओढ्याचं पाणलोट क्षेत्र एका दुपारात पडद्यावर उमटतं.

पण उंचीच्या या नकाशातला एक चौकोन 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद. आपल्या मापात जवळजवळ नऊ गुंठे, आणि त्या सगळ्यांना उंची एकच. दोन फूट रुंदीचा सलग समतल चर किंवा गुडघाभर उंचीची ताल त्यात दिसणार कुठे? पुढची गंमत तर औरच. प्रवाहाची दिशा काढण्याआधी नकाशातले खळगे भरून घ्यावे लागतात, नाहीतर पाणी तिथेच अडकतं. 1972 च्या दुष्काळात लोकांनी डोक्यावर माती वाहून उभारलेला पाझर तलावही सॉफ्टवेअरच्या लेखी खळगाच. एका क्लिकसरशी तो बुजतो. उलट रस्त्याचा भराव सॉफ्टवेअरला धरण वाटतो, कारण खालची मोरी त्याला माहीत नसते.

आता कर्व्ह नंबर, म्हणजे पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून जाईल, म्हणजेच अपधाव किती, ते काढायचा आकडा. 75 मिलिमीटरचा एक पाऊस घ्या. नंबर 85 धरला तर नेहमीच्या सूत्रानं साधारण 39 मिलिमीटर अपधाव निघतो. 75 धरला तर 24 च्या आत. हजार हेक्टरच्या पाणलोटात हा फरक पंधरा कोटी लिटरहून अधिक होतो. सूत्रातला 0.2 हा गुणकही अमेरिकेतल्या शेतांवरून आलेला. आपल्याकडे जमिनीचा प्रकार आणि आधीची ओल पाहून 0.1 किंवा 0.3 घेतात. माळावर चराईबंदी खरोखर पाळली जाते का, बांध शाबूत आहेत की फुटलेत, यावर नंबर ठरतो. ते विचारायला गुराख्याकडेच जावं लागतं. माथा ते पायथा पायी न फिरता केलेला आराखडा मी तरी मंजूर करणार नाही.

आणि पाऊस? याच जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीला वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो, तर कर्जत-पारनेरला पाच-सहाशेवर भागवावं लागतं. त्यातही वळवाची सर एका शिवारात पडते, शेजारचं कोरडं राहतं. महसूल मंडळाच्या एका केंद्राचा आकडा साऱ्या गावांना लावला, तर मॉडेल कितीही देखणं असो, उत्तर चुकणारच. हिवरे बाजारनं हे ओळखलं. तिथे गावातच पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि रब्बीत काय पेरायचं ते त्यावरून ठरवतात.

तेव्हा एक मागणं आहे. ज्या गावाचा आराखडा कराल, तिथल्या शाळेत एक साधा पर्जन्यमापक बसवा. ओढ्यावरच्या बंधाऱ्याला सेंटिमीटरची पट्टी रंगवून घ्या. रोज सकाळी साडेआठला दोन्हींची नोंद कशी ठेवायची, ते पोरांना शिकवा. आपल्या बहुतेक ओढ्यांवर अपधावाची एकही नोंद नाही, आणि अशा नोंदींशिवाय तुमच्या मॉडेलची परीक्षा घेता येणार नाही.