भिंतीआधी शीट मोजावी
(वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



आजचा आमचा विषय ऐकावयास किरकोळ वाटेल. परंतु उपनगरात संसार थाटलेल्या कोणत्याही कुटुंबास तो परका नाही. घाटकोपरचे पंतनगर घ्या की अंधेरीचे डी. एन. नगर घ्या, मंडळाच्या जुन्या वसाहतींतील घरे बेताचीच. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घर प्रथम २२५ चौरस फुटांचे होते. ते पुढे २६९ व नंतर ३०० चौरस फुटांचे झाले. अशा घरात जमीन अपुरी पडते, भिंत तेवढी मोकळी असते. मुलांची पुस्तके, पोथ्या आणि स्वयंपाकाचे डबे यांस फळ्यांचाच आधार.

फळ्या करविताना आपण भिंत मोजतो आणि ते माप मिस्त्रींस सांगून मोकळे होतो. आमचे म्हणणे एवढेच, की भिंतीआधी शीट मोजावी.

प्लायवुडची नेहमीची शीट ८ फूट लांब व ४ फूट रुंद, म्हणजे २४४० × १२२० मिलिमीटर असते. करवतीचे पाते प्रत्येक कापास सुमारे ३ मिलिमीटर लाकूड खाते. चार फुटांत फूटभर रुंदीच्या चार पट्ट्या सहज बसतील, असे कोणासही वाटेल; पण त्या बसत नाहीत. एक फूट म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर. चार पट्ट्यांतच शीट संपते. मग तीन कापांचे ९ मिलिमीटर कोठून आणावयाचे? रुंदी ३०० ठेवा. चारही पट्ट्या निघतात आणि खराब कड काढून टाकण्यास ११ मिलिमीटर उरतात.

लांबीचेही तसेच. ८०० मिलिमीटरची फळी धरली, तर प्रत्येक पट्टीत तीन, म्हणजे शीटमध्ये बारा फळ्या होतात. तीच फळी ८३० × ३१० मागितली, तर सहाच! वरच्या थराची रेषा फळीच्या लांबीस धरून हा हिशेब आहे. काही फळ्या आडव्या कापून संख्या वाढविता येते. परंतु अशी फळी भाराखाली लवकर वाकते.

आता एका १९ मिलिमीटर जाडीच्या शीटमध्ये पुस्तकांचे अखंड कपाट कसे बसते, ते पाहू. दोन पट्ट्यांतून २१०० मिलिमीटर उंचीच्या दोन बाजू काढाव्या आणि उरलेल्या दोन पट्ट्यांतून सहा फळ्या. कपाटास पाच खण मिळतात. बाहेरून रुंदी ८३८ मिलिमीटर भरते. बाजूंच्या पट्ट्यांचे सुमारे ३३५ मिलिमीटरचे दोन तुकडे राहतात. दोन खणांची उंची तेवढीच ठेवली, की त्यांत तेच मधले उभे पडदे होतात. पाठीस ६ मिलिमीटरची वेगळी शीट लावावी. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीस मात्र कपाट अगदी चिकटवू नये.

ही आखणी कोणासही जमेल. चौकटीच्या कागदावर १०० मिलिमीटरास १ सेंटिमीटर धरून शीट काढावी. शाळकरी मुलांकडूनच काढवून घ्यावी. मिस्त्रींचा हात आपल्याहून कितीतरी जाणता. पण कागद समोर असला म्हणजे त्यांचाही वेळ वाचतो आणि दोन शीटच्या जागी तीन आणण्याचा प्रसंग टळतो.

या काटकसरीस घराबाहेरचाही अर्थ आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले आणि ईशान्येकडील अनेक प्लायवुड गिरण्या बंद पडल्या. पुढे हा धंदा हरियाणातील यमुनानगरसारख्या ठिकाणी, शेतात लावलेल्या पॉप्लर व निलगिरीच्या लाकडावर वाढला. कोणी शेतकऱ्याने वर्षानुवर्षे वाढविलेल्या झाडाचा तुकडा आपल्या घरी भुशात जाऊ नये, हेही आपले कर्तव्यच आहे.

नवे घर घेणाऱ्या आमच्या तरुण दांपत्यांनी कर्जाच्या हप्त्यांबरोबर हा लहानसा हिशेबही मांडावा. दोन बोटे कमी रुंदीच्या फळीने कोणाचे काही अडत नाही. वाचलेल्या शीटच्या पैशांत मात्र त्या फळीवर ठेवावयाची पुस्तके येतात.